‘जवळ घेत्यात’ : एका जबाबाचं भाषांतर

रविवारची सकाळ होती. आज्जी उंबऱ्याजवळ सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि नात शेजारी बसून खडे वेचत होती. डिसेंबर संपत आला होता, नवोदयची परीक्षा तोंडावर होती आणि तासाभरात मुलीला क्लासला जायचं होतं. खडे वेचता वेचता ती मान वर न करता म्हणाली, "आज्जी, सर जवळ घेत्यात नि सोडीनातच. मला त्यांच्यातला क्लास नको."

आज्जीनं सूप खाली ठेवलं. तिनं एकच प्रश्न विचारला, "रोज?"

"रोज न्हाई. पण लई येळा. सगळ्यांच्या मागनं मला थांबवत्यात."

पुढं पोलीस, बालकल्याण समिती, दंडाधिकारी आणि विशेष न्यायालय यांच्यासमोर जे काही झालं, ते या दोन-तीन वाक्यांभोवतीच फिरलं. मी बेळगावची. बालकल्याण समितीनं या मुलीसाठी नेमलेली आधार व्यक्ती म्हणून पहिल्या आठवड्यापासून तिच्यासोबत होते. मुलीचं नाव, पत्ता, शाळा, कुटुंब यांतलं काहीही उघड करायला पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नं मनाई आहे. म्हणून गाव, नाती, महिने आणि ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत. तालुका खानापूर असू शकतो, बेळगाव किंवा निपाणीही. मुलीचे शब्द मात्र बदललेले नाहीत, कारण हे प्रकरण त्या शब्दांचंच आहे.

शाळा वाचवणारे सर

मुलगी दहा वर्षांची, सरकारी मराठी शाळेत पाचवीत. वडील गोव्यात कामाला, महिन्यातून एकदा घरी. आई काजू कारखान्यात. घरात दिवसभर आज्जी.

ज्यांच्याबद्दल ती बोलली ते सर गावात साधे शिक्षक नव्हते. सीमाभागातल्या मराठी शाळेची गोष्ट इथं राहणाऱ्यालाच कळते. १९५६ पासून या शाळा आमच्यासाठी नुसत्या शाळा नाहीत. पट घसरतो, शिक्षक मिळत नाहीत, आणि दर जूनमध्ये शाळा राहते की जाते याची धाकधूक असते. अशा वेळी हे सर घरोघर फिरून मुलं गोळा करायचे, कन्नड आणि इंग्रजी माध्यमाकडं निघालेल्या पालकांची समजूत घालायचे. पाचवीच्या मुलांसाठी ते सकाळी समुदाय भवनात नवोदयचा आणि मोरारजी देसाई निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा क्लास घ्यायचे, तोही फुकट. गावानं त्यांचा सत्कार केला होता.

म्हणून आईनं सोमवारी कामावरची हजेरी बुडवून मुख्याध्यापकांकडं जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, "वहिनी, हे बाहेर गेलं तर शाळा बंद पडेल."

हे वाक्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बोलणाऱ्याला भीती खरीच वाटत होती. पण दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर अख्ख्या भाषेचं ओझं ठेवायचं हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. शाळा मुलांसाठी असते. मराठी शाळा टिकावी म्हणून माझ्या वडिलांच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्या, त्या काही मुलांनी सरांना घाबरून गप्प बसावं म्हणून नव्हे.

दोन दिवसांनी शाळा विकास समितीचे अध्यक्ष, गावातले दोघे वडीलधारे, मुख्याध्यापक आणि ते सर बसले. आईला बोलावलं, आज्जीला नाही. सरांनी वहीच्या पानावर माफीपत्र लिहून दिलं: ‘माझ्याकडून कळत नकळत काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.’ खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. आईचीही सही घेतली, ‘माझी काही तक्रार नाही’ या ओळीखाली. क्लास बंद झाला. सर शाळेत येतच राहिले, पाचवीच्या वर्गावरच. मुलीचं पोट रोज सकाळी दुखू लागलं.

ते माफीपत्र पुढं फिर्यादी पक्षाचा सर्वांत भक्कम कागद ठरलं, हे तिथं बसलेल्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुख्याध्यापकांना नेमकं कधी कळलं होतं, त्याची तारीख त्याच कागदावर होती.

‘आपसात मिटवलं’ याला कायद्यात जागा नाही

आमच्याकडं गावकीत मिटवायची सवय जुनी आहे. बांधाचं भांडण मिटवा, पाण्याची पाळी मिटवा, जरूर मिटवा. पण लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मिटवायचा अधिकार आईबापालाही नाही, पंचांना तर नाहीच. राजस्थानातल्या एका प्रकरणात शिक्षकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. मग वडिलांनी स्टॅम्पपेपरवर ‘गैरसमजातून तक्रार झाली’ असं लिहून दिलं आणि उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. मुलीचे नातलगही नसलेली माणसं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला. शाळेत शिक्षकानं मुलावर केलेला असा गुन्हा दोन घरांमधला खाजगी मामला होऊ शकत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. आमच्या आईची सही त्या कागदावर असूनही ती पुढं तक्रार करू शकली, ते यामुळंच.

मुख्याध्यापकांचा बचाव वेगळा होता. क्लास समुदाय भवनात व्हायचा, शाळेच्या वेळेबाहेर, म्हणून शाळेचा संबंध नाही. इथं कायदा काय म्हणतो ते नीट बघायला हवं. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या, कुणाही माणसानं ती पोलिसांना कळवायलाच हवी. न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. गुन्हा कुठल्या छपराखाली घडला हे तिथं विचारलेलं नाही, माणूस कुणाच्या हाताखालचा होता हे विचारलेलं आहे. २ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेजारच्या महाराष्ट्रातलाच आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचा. तिथं मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं माहिती दिली नाही म्हणून गुन्हा नोंदला होता. तो रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश टिकला नाही. माहिती असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं न्यायालय म्हणालं.

चंदगडची मावशी

माफीपत्रानंतर आईनं मुलीला सुट्टीच्या निमित्तानं मावशीकडं पाठवलं, चंदगड तालुक्यात. नकाशावर दोन राज्यं असली तरी आमच्या मुली इकडून तिकडं आणि तिकडून इकडं दिलेल्या असतात. मावशी अंगणवाडीत मदतनीस. मुलगी रात्री झोपेत दचकते हे तिनं तिसऱ्या दिवशी ओळखलं, आज्जीला फोन लावला आणि तेच वाक्य फोनवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी आई आणि आज्जी एसटीनं पोचल्या आणि तिघी थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

गुन्हा कर्नाटकातला, ठाणं महाराष्ट्रातलं. तरी तक्रार नोंदली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठंही घडला असो, माहिती नोंदवावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. मग तो संबंधित ठाण्याकडं पाठवला जातो. सीमाभागातल्या माणसानं हे कलम पाठ करून ठेवावं, कारण त्याचा इथं एक वेगळाच फायदा झाला. तक्रार मराठीत नोंदली गेली. आज्जीनं सांगितलं तसं, ‘जवळ घेत्यात नि सोडीनातच’ हे शब्द अवतरणचिन्हांत कागदावर उतरले.

मग तो कागद सीमा ओलांडून आमच्याकडं आला आणि त्याचं कन्नड भाषांतर झालं.

एका वाक्यात किती हरवतं

भाषांतराची प्रत माझ्या हातात आली तेव्हा मी ती उभ्यानंच वाचली. माझं शिक्षण मराठीत झालं असलं तरी कन्नड मला रोजच्या वापरात येतं. मुलीच्या वाक्याच्या जागी लिहिलं होतं: ‘हत्तिर करेदु, तरगतियिंद बिडलिल्ल.’ म्हणजे, जवळ बोलावलं आणि वर्गातून सोडलं नाही.

पुन्हा वाचून बघा. या वाक्यात गुन्हाच नाही. शिक्षकानं मुलीला जवळ बोलावलं आणि वर्ग सुटू दिला नाही, एवढंच.

भाषांतर करणारा कॉन्स्टेबल वाईट माणूस नव्हता. त्यानं ‘जवळ घेणे’ हे शब्द सुटे करून शब्दकोशासारखे वाचले. ‘जवळ’ म्हणजे हत्तिर, ‘घेणे’ म्हणजे बोलावून घेणे असेल. ‘सोडीनात’ म्हणजे बिडलिल्ल. कशातून सोडलं नाही? वर्ग होता, तर वर्गातून. त्याला ते सरळ वाटलं असेल. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘जवळ घेणे’ म्हणजे मिठीत घेणे हे सांगावं लागत नाही.

याहून मोठं नुकसान क्रियापदाच्या काळात होतं. मुलगी ‘घेत्यात’ म्हणाली होती, ‘घेतलं’ नव्हे. ते नेहमीचं होतं, पुन्हा पुन्हा होणारं. कन्नडमध्ये ती एकदाच घडलेली घटना झाली. कायद्यात हा फरक केवळ व्याकरणाचा राहत नाही. लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाला पोक्सोच्या कलम ८ मध्ये तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. पण कलम ९ मध्ये हाच गुन्हा गंभीर कधी ठरतो याची यादी दिली आहे. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेचा चालक वा कर्मचारी यानं केला तर, मुलाचं वय बारापेक्षा कमी असेल तर, एकाहून अधिक वेळा केला तर, आणि मुलाच्या संदर्भात विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसानं केला तर. त्याला कलम १० नुसार पाच ते सात वर्षं. समुदाय भवनाचा बचाव इथंही कोसळतो. ‘शाळेचा कर्मचारी’ यावर कुणी वाद घातला तरी ‘विश्वासाच्या जागी’ यातून तो शिक्षक सुटत नाही. गावातला फुकट क्लास हीच ती विश्वासाची जागा होती. मुलगा असता तरी हेच कलम लागलं असतं, हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

कायदा करणाऱ्यांनी भाषेचा विचार केला होता हे मला इथं सांगायलाच हवं. मुलानं माहिती दिली तर ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, आणि मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद झाली तर दुभाषा किंवा अनुवादक द्यावा, असं कलम १९ मध्येच आहे. जबाबाच्या वेळी दुभाषा घेण्याची सोय कलम २६ मध्ये, न्यायालयात साक्षीच्या वेळी कलम ३८ मध्ये. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब मूल जसं बोललं तसाच नोंदवावा, हे कलम २५ चं म्हणणं. म्हणजे तरतूद जागोजाग आहे. मागणारं कुणी नसलं की ती कागदावरच राहते.

मी तपास अधिकाऱ्यांना भेटले. त्या कन्नड भाषक महिला उपनिरीक्षक होत्या. मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुमची आई तुम्हाला जवळ घ्यायची, त्याला कन्नडमध्ये काय म्हणाल?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अप्पिकोंडरु." मग त्यांनी स्वतः भाषांतराचा कागद ओढून घेतला.

मुलीचा जबाब घ्यायला त्या आज्जीच्या घरी आल्या, चुडीदार घालून. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, आरोपीशी त्याची गाठ पडू देऊ नये, हे कलम २४ मध्ये आहे. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. सोबत मराठी जाणणारी दुभाषी आणली होती. या वेळी कन्नड जबाबात मुलीचे शब्द देवनागरीत अवतरणचिन्हांत लिहिले गेले, आणि त्यांच्यापुढं कन्नड अर्थ. मूळ मराठी तक्रारही फाइलला जोडली. या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

दंडाधिकाऱ्यांसमोर

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये महिला डॉक्टरनं आईसमक्ष तपासणी केली. त्यात काही निघालं नाही, आणि अशा प्रकारच्या गुन्ह्यात निघायचं काही कारणही नसतं. गावात मात्र ‘रिपोर्टात काही नाही’ हे दोन दिवसांत पसरलं. आईला कारखान्यातल्या बायकांनी विचारलं. तिनं मला विचारलं. मी तिला एवढंच सांगितलं की मुलीचा विश्वासार्ह शब्द हा स्वतःच पुरावा असतो.

दंडाधिकाऱ्यांच्या खोलीत मुलगी माझा दुपट्टा मुठीत धरून बसली होती. जबाब झाल्यावर तो तिला मराठीत वाचून दाखवला गेला. दुभाषी वाचत गेली आणि एका जागी मुलगी म्हणाली, "मी असं म्हटलं न्हाई."

सगळे थांबले. वाक्य होतं: ‘सर मला वर्ग सुटल्यावर थांबवायचे.’

"काय म्हटलंस मग?"

"थांबवत्यात म्हटलं. अजून शाळेत हायत की ते."

दंडाधिकाऱ्यांनी ‘थांबवायचे’ खोडून बाजूला सही केली. मी त्या दिवशी बाहेर येऊन रडले. ज्या गोष्टीसाठी मी पंधरा दिवस भांडत होते, ती दहा वर्षांच्या मुलीनं एका शब्दात सांगितली होती. तिच्या दृष्टीनं ते संपलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सरांना अटक झाली. ४८ तासांहून जास्त कोठडीत गेल्यावर सरकारी नोकराचं निलंबन नियमानंच होतं, तसं ते झालं. मुख्याध्यापकांवर कलम २१ खाली वेगळा आरोप ठेवला गेला.

दुसरी मुलगी

अटकेनंतर सातवीतली एक मुलगी आपल्या काकूपाशी बोलली. काकू माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, तुला म्हणून सांगते. पुढं काही करू नको. तिचं लग्न व्हायचं आहे."

या प्रसंगाचं ओझं माझ्या मनावर अजून आहे. कलम १९ मधला ‘कुणीही माणूस’ यात मीही येते. मला कळल्यावर गप्प राहणं हा माझाही गुन्हा. पण त्याहीपेक्षा, मुख्याध्यापकांना मी ज्या गोष्टीसाठी दोष देत होते तीच मी करू शकत नव्हते. मी काकूला खोटा शब्द दिला नाही. तिला समोर बसवून सांगितलं की मला हे कळवावं लागेल, पण मुलीचं नाव कुठंही येणार नाही, सुनावणी बंद खोलीत होईल, तिला पुन्हा पुन्हा बोलावलं जाणार नाही. ती उठून गेली आणि पुढं माझ्याशी बोलली नाही. मुलीनं मात्र जबाब दिला, काकूच्या घरातच, काकू दाराशी उभी असताना. त्या मुलीच्या घरचं दार मला अजून बंद आहे. तो राग मी समजू शकते.

साक्ष

कलम ३५ सांगतं की न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षाच्या आत खटला संपावा. आमची साक्ष सात महिन्यांनी झाली. तोवर मुलगी सहावीत गेली होती आणि तेच तेच आठवून आठवून थकली होती.

तरी बेळगावच्या विशेष न्यायालयात जे मी पाहिलं ते चांगलं होतं. मुलगी आणि आरोपी यांच्यात पडदा होता. आरोपीच्या वकिलांना प्रश्न थेट विचारता येत नाहीत. ते न्यायाधीशांना सांगायचे आणि न्यायाधीश मुलीला विचारायचे, हे कलम ३३ मुळं. दुभाषी शेजारी. मध्ये दोनदा सुट्टी दिली. मुलीनं दोन्ही वेळा पाणी मागितलं आणि प्यायलं नाही.

बचावाचा सगळा भर ‘जवळ घेणे’ या शब्दांच्या दुसऱ्या अर्थावर होता. मराठीत वडीलधारी माणसं कौतुकानं जवळ घेतात, सरांनी गणित सुटलं म्हणून शाबासकी दिली, असा तो युक्तिवाद. तो अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, शब्दाचे दोन्ही अर्थ खरे आहेत. म्हणूनच कायदा हेतूकडं बघतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोच्या लैंगिक स्पर्शाच्या कलमात बसत नाही असा निकाल दिला, तो सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला तेव्हाही हेच सांगितलं होतं: महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे. आणि पायाभूत गोष्टी फिर्यादी पक्षानं सिद्ध केल्या की हेतू नव्हता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, कलम २९ आणि ३० मुळं.

न्यायाधीशांनी वकिलांचा प्रश्न सोपा करून विचारला, "बाळ, सर शाबासकी देत होते का?"

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शाबासकी सगळ्यांसमोर देत्यात. पाठीवर."

दुभाषीनं ते कन्नडमध्ये सांगितलं. न्यायाधीशांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं, मराठी शब्दही नोंदवून घेतले आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

सध्या दोन्ही मुलींच्या साक्षी पूर्ण झाल्या आहेत, मावशी आणि आज्जी यांच्याही. आज्जीनं साक्षीत तांदूळ निवडण्यापासून सगळं सांगितलं, न विचारलेलंसुद्धा. तपास अधिकाऱ्यांची उलटतपासणी बाकी आहे. मुख्याध्यापकांचं प्रकरण वेगळं चालू आहे आणि त्यात ते माफीपत्र दाखल झालं आहे. जूनमध्ये शाळेतून चार मुलं गेली आणि तीन नवी आली. नवीन शिक्षिका आल्या आहेत, त्या पाचवीचा जादा तास शाळेतच घेतात, व्हरांड्यात, दार-खिडकी काही नसलेल्या जागी. आमची मुलगी त्या तासाला नसते, ती आता मावशीकडं शिकते. पुढची तारीख बारा दिवसांनी आहे. तपास अधिकाऱ्यांना मी काल फोन करून मूळ मराठी तक्रारीची प्रत सोबत आणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "फाइलमध्ये सगळ्यात वर तीच आहे."